घाटकोपरची रायफल रेंज आणि दुर्बिणीचा आकडा

घाटकोपर पश्चिमेला ‘रायफल रेंज’ हा एक रोजच्या वापरातला पत्ता आहे. तो पाकिटावर लिहिला जातो, रिक्षावाल्याला सांगितला जातो, आणि तिथे रायफल कुठे आहे असे कोणी विचारत नाही. त्याच परिसरात गोळीबार रोड आहे. पश्चिम रेल्वेवर सांताक्रूझ पूर्वेलाही गोळीबार नावाची वस्ती आहे आणि पुण्याच्या लष्कर भागात गोळीबार मैदान. आज हा शब्द उच्चारला की वर्तमानपत्रातला मथळा डोळ्यांपुढे येतो. या नावांतला गोळीबार सरावाचा होता. मैदाने बुजली, चाळी उभ्या राहिल्या, चाळींचे टॉवर झाले आणि नावे तेवढी मागे उरली.

लांब पल्ल्याच्या नेमबाजीला दोन गोष्टी लागतात: पुढे मोकळी जागा आणि मागे गोळी अडवणारा डोंगर किंवा मातीचा मोठा बांध. जुन्या मुंबई बेटाच्या दाटीत हे दोन्ही मिळणे अवघड होते. साष्टीत दोन्ही होते, आणि १८५३ पासून बोरीबंदर ते ठाणे ही लोहमार्गाची वाट याच भागातून जात होती.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लांब पल्ल्याचा कस लागे तो १००० यार्डांवर, म्हणजे ९१४ मीटरांवर. उपनगरातल्या वाचकाला हे अंतर डोळ्यांसमोर आणायचे असेल तर पंधरा डब्यांच्या जवळजवळ तीन लोकल एकापुढे एक उभ्या कराव्या. पहिल्या लोकलच्या मोटरमनने तिसरीच्या शेवटच्या गार्डला ओळखावे, अशी ही अपेक्षा. या अंतरावरच्या लक्ष्याचा काळा भाग सुमारे ११० सेंटिमीटर व्यासाचा असतो. हात पूर्ण लांब करून धरलेल्या टाचणीच्या टोकाएवढा, पाऊण मिलिमीटरचा ठिपका जसा दिसेल, तसा तो दिसतो.

नेमबाजीत असे आकार कोनात मोजतात. एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग होतो. पंचांगकर्ते त्याला कला म्हणतात, आणि हा शब्द इथे अगदी चपखल बसतो. पूर्णचंद्राचे बिंब सुमारे ३१ कला. हजार यार्डांवरचा तो काळा गोल सव्वाचार कला, म्हणजे चंद्राच्या व्यासाचा साधारण सातवा हिस्सा. निरोगी डोळ्याला जेमतेम १ कलेचा भेद कळतो. लक्ष्य दिसते, पण त्याच्या आत काय आहे ते दिसत नाही.

आता बंदुकीच्या टोकाकडे पाहावे. नळीच्या तोंडाशी जो बारीक उंचवटा असतो त्याला मराठीत ‘माशी’ म्हणतात. मोठा नेमका शब्द आहे. नेम धरताना नळीवर खरोखर माशी बसल्यासारखी दिसते. ही माशी २ मिलिमीटर रुंद आणि डोळ्यापासून पाऊण मीटरवर असेल, तर ती ९ कलांहून अधिक जागा व्यापते. सव्वाचार कलांचे लक्ष्य तिच्यामागे सहज दोनदा लपेल. बंदूक कितीही अचूक असो, नेम धरणाऱ्याला लक्ष्याऐवजी माशीच दिसते. दुर्बीण बंदुकीवर चढवावी ही कल्पना याच अडचणीतून जन्मली.

आणि तिच्या आरंभीच्या इतिहासात मुंबई इलाख्याचे नाव येते. इलाख्याच्या फौजेला, ‘बॉम्बे आर्मी’ला, लांब पल्ल्याचे वेड असलेले दोन अधिकारी लाभले. पहिला जॉन जेकब, ज्याच्या नावाने सिंधमधले जेकबाबाद वसले. त्याने दुनळी रायफल घडवली आणि तिच्यावर २००० यार्डांपर्यंतच्या खुणांची उभी घडीची पट्टी बसवली. काच कुठेच नाही. सगळी भिस्त डोळ्यावर आणि सवयीवर. १८५८ मध्ये तो वारला. दुसरा डेव्हिड डेव्हिडसन. हा स्कॉटलंडचा. हिंदुस्थानातल्या चाकरीच्या काळातच त्याने रायफलवर दुर्बीण बसवण्याचे प्रयोग आरंभले आणि मायदेशी परतल्यावर ते तडीस नेले. त्याच्या नावाची दुर्बीण पुढे व्हिटवर्थच्या षट्कोनी नळीच्या रायफलवर, दस्त्याच्या डाव्या अंगाला बसवली जाऊ लागली. अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या निवडक नेमबाजांच्या हाती ती होती. तिचे वर्धन सुमारे ४ पट. त्याच सुमारास अमेरिकेत विल्यम माल्कम लांब नळ्यांच्या याहून कितीतरी अधिक वर्धनाच्या दुर्बिणी बनवत होता. म्हणजे मोठा आकडा तेव्हाही विकत मिळत होता.

तरीही त्या काळच्या मोठ्या स्पर्धा काचेवाचून झाल्या. २ जुलै १८६० रोजी विम्बल्डनच्या मैदानावर राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली ती व्हिटवर्थ रायफलने. रायफल आधीच एका घोडीवर पक्की बसवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. तरी ४०० यार्डांवर गोळी मध्याच्या सव्वा इंचाच्या आत लागली, हे सांगायला दरबारी मंडळी विसरली नाहीत. २६ सप्टेंबर १८७४ रोजी न्यूयॉर्कजवळच्या क्रीडमूर मैदानावर आयर्लंड आणि अमेरिका यांचा सामना झाला. प्रत्येकी सहा नेमबाज. ८००, ९०० आणि १००० यार्ड. प्रत्येक अंतरावर पंधरा गोळ्या. डोळ्याजवळ बारीक भोकाची चकती आणि पुढे माशी, एवढ्यावर सामना झाला. अमेरिका ९३४, आयर्लंड ९३१. त्या तीन गुणांची गोष्ट पुढे येईल.

दिसत नसलेल्या गोष्टीवर नेम कसा लागतो? उत्तर डोळ्याच्या एका विलक्षण शक्तीत आहे. अगदी बारीक वस्तू ओळखण्यात डोळा कमी पडतो, पण एक वर्तुळ दुसऱ्या वर्तुळाच्या बरोबर मध्ये आहे की नाही, हे तो फार सूक्ष्मतेने सांगतो. देवघरात समई ताटाच्या मध्यावर नसेल तर आजीला पट्टी लागत नाही. नेमबाजही तेच करतो: चकतीच्या भोकात पुढचे कडे, कड्यात काळा गोल, आणि सगळ्यांभोवती सारखी पांढरी किनार. मधला ‘दहा’ त्याला दिसतच नाही. दिसायची गरजही नाही.

याचा सर्वांत टोकाचा पुरावा १० मीटरच्या एअर रायफलमध्ये आहे. तिथला ‘दहा’ अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका असतो. कोनात मोजला तर कलेचा साधारण सहावा हिस्सा. तो नुसत्या डोळ्यांना दिसणे जवळजवळ अशक्य. काळा गोल मात्र ३०.५ मिलिमीटरचा, साडेदहा कलांचा. ऑलिम्पिकच्या रायफल प्रकारांत बंदुकीवर दुर्बीण लावायला मनाई आहे, आणि तरीही तो ठिपका गोळीमागून गोळी टिपला जातो.

हे कौशल्य इथल्या माणसांच्या हाती उशिरा आले, आणि त्याला कारण होते. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवाना सक्तीचा केला. युरोपीय रहिवाशांना त्यातून सूट होती. स्वयंसेवक पथकांचे दरवाजेही हिंदी माणसाला बहुतांशी बंद होते आणि ते उघडावेत अशी मागणी १८८५ च्या सुमारास जोराने झाली, ती फेटाळली गेली. गोळीबाराचा आवाज ज्यांच्या शेतावरून जात होता, त्यांना त्या मैदानाचे नावच तेवढे मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये राष्ट्रीय रायफल संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष झाले लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, कोकणातून गुजरातेत गेलेल्या मराठी कुटुंबातले. मग पुढच्या पिढ्या आल्या. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतून रायफल हाती घेणाऱ्या अंजली वेदपाठक, पुढच्या भागवत, २००२ मध्ये म्युनिकला ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरल्या. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्निल कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी ऑलिम्पिक कांस्य घेतले, ४५१.४ गुणांनी. पन्नास मीटरवरचा ‘दहा’ १०.४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे सुमारे ०.७ कला. यांपैकी कोणाच्याही रायफलवर वर्धन करणारी दुर्बीण नव्हती.

मग दुर्बीण हवी कशाला, असा प्रश्न एखादा तरुण विचारील. हवी, कारण हजार यार्डांवर लक्ष्याभोवतीची हवा आपल्याशी बोलत असते आणि ते बोलणे नुसत्या डोळ्याला ऐकू येत नाही. शिवाय वय वाढले की डोळ्याला माशी आणि लक्ष्य दोन्ही एकदम स्पष्ट दिसेनासे होतात. दुर्बिणीत फुली आणि लक्ष्य एकाच प्रतलात येतात. पूर्वी ही फुली अनेकदा कोळ्याच्या धाग्याची असे. प्रश्न दुर्बीण असावी की नसावी हा नाहीच. प्रश्न आहे तो नळीवर कोरलेल्या आकड्यांचा.

दोन्ही महायुद्धांत तो आकडा आश्चर्य वाटावे इतका लहान होता. पहिल्या युद्धात ब्रिटिशांची आल्डिस दुर्बीण ३ पटींच्या आसपास, जर्मनांच्या बऱ्याचशा ४ पटींच्या. दुसऱ्या युद्धात ब्रिटिशांची ३२ क्रमांकाची दुर्बीण पुन्हा ३ पटींच्या जवळ आणि सोव्हिएत ‘पीयू’ साडेतीन पटींची. यामागे एक भौतिक कारण होते. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परतून जातो. अशा दहा सीमा असल्या तर तिसरा हिस्सा उजेड वाटेतच संपतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर परावर्तन रोखणारा पातळ थर देण्याची रीत शोधली, तेव्हा कुठे अधिक भिंगांच्या, अधिक वर्धनाच्या दुर्बिणी व्यवहारात परवडू लागल्या. पुढे अमेरिकी सैन्याने ३ ते ९ पटींची बदलती दुर्बीण वापरली आणि मग कित्येक वर्षे पक्क्या १० पटींची. हजार यार्डांसाठी १० पट पुरेसे मानले जात होते, हे लक्षात ठेवण्याजोगे.

आज बाजारात ५ ते २५, ८ ते ३२, १५ ते ५५ अशा मापांच्या दुर्बिणी आहेत. यांतला पहिला आकडा सर्वांत कमी वर्धनाचा, दुसरा सर्वांत जास्त. मधले सगळे एक कडे फिरवून मिळते. नवखा खरेदीदार दुसऱ्या आकड्याकडे पाहतो. पंचवीसपेक्षा पंचावन्न मोठे, म्हणून चांगले. इथेच हिशेब चुकतो.

आधी उजेड. भिंगाचा व्यास भागिले वर्धन, एवढ्या जाडीचा प्रकाशझोत डोळ्यात येतो. पन्नास मिलिमीटरचे भिंग १० पटींवर ५ मिलिमीटरचा झोत देते, २५ पटींवर २ मिलिमीटरचा, ५० पटींवर अवघा १. भर दिवसा बाहुली दोन-तीन मिलिमीटर असते, म्हणून २५ पटींवरही चालते. पावसाळी ढगात किंवा संध्याकाळी बाहुली मोठी होते आणि तोच झोत अपुरा पडतो. डोके जरा हलले की चित्र काळे होते, ते वेगळेच.

मग थरथर. दुर्बीण हात हलवत नाही. हात आधीपासूनच हलत असतो, ती फक्त दाखवते. पण दिसले की मन घाबरते. फुली ‘दहा’वरून जाताना दिसली की बोट चाप ओढत नाही, हिसकते. कमी वर्धनावर तीच थरथर सौम्य भासते आणि बोट शांत राहते. कित्येक जुने प्रशिक्षक शिकाऊ मुलाचे कडे मागे फिरवून ठेवत, याचे मर्म इथे आहे.

आणि हवा. मे महिन्यातल्या सकाळी अकरा वाजता उपनगरातल्या कुठल्याही उघड्या मैदानाकडे वाकून पाहिले तर जमिनीलगतची हवा पाण्यासारखी हलताना दिसते. मृगजळाचे हे धाकटे भावंड. दुर्बिणीत ते फार उपयोगी, कारण हवेच्या लाटा ज्या दिशेने सरकतात त्या दिशेने वारा वाहत असतो. आणि हजार यार्डांवर गोळीला सर्वांत जास्त चुकवणारा वाराच असतो. पंधरा-वीस पटींच्या आसपास हे प्रवाह वाचता येतात. त्यापुढे वाढवत गेले की काळा गोल उकळत्या चहातल्या पत्तीसारखा तरंगू लागतो. पटी वाढतात, माहिती घटते. दमट किनाऱ्यावरच्या उन्हात ही मर्यादा लवकर येते. थंड पहाटे ती पुष्कळ लांब जाते.

मोठा आकडा साफ निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नव्हे. कॅनडाच्या जॉर्ज फार्करसन यांच्या नावावरून ‘एफ-क्लास’ म्हणतात तो प्रकार पाहावा. त्यात रायफल आधारावर टेकवलेली असते, ‘दहा’ सुमारे १ कलेचा आणि आतले सर्वांत लहान वर्तुळ त्याच्या अर्धे. थरथर जवळजवळ नाही, अंतर ठाऊक, लक्ष्य स्थिर. तिथे ४० किंवा ५० पट वापरणारे जिंकतात, आणि हवा उकळू लागली की तेच लोक निमूटपणे कडे मागे घेतात. मागे घेता येणे हेच बदलत्या वर्धनाचे खरे मोल. अनेक अनुभवी नेमबाज ५ ते २५ची दुर्बीण घेऊन दिवसाचा बराचसा वेळ १२ ते १८च्या दरम्यान घालवतात. ज्याला ३०० मीटरपासून हजार यार्डांपर्यंत सगळेच शिकायचे आहे, त्याने प्रथम हीच मापे पाहावीत. उरलेला पैसा चांगल्या काचेवर आणि गोळ्यांवर खर्च व्हावा. स्वच्छ काचेची १८ पट धुरकट काचेच्या ४० पटींपेक्षा अधिक दाखवते.

एक तांत्रिक खाच मात्र विकत घेण्याआधी विचारून घ्यावी. काही दुर्बिणींत पटी बदलल्या की फुलीवरच्या खुणाही लक्ष्याबरोबर लहानमोठ्या होतात. काहींत खुणा तशाच राहतात. दुसऱ्या जातीत खुणांचे माप एकाच ठरावीक वर्धनावर खरे असते. उन्हामुळे कडे २५ वरून १५ वर आणले आणि खुणा मात्र जुन्याच मापाने मोजल्या, तर गोळी लक्ष्याच्या कडेला जाते आणि दोष वाऱ्याला दिला जातो.

आता उरला तो पहिला, लहान आकडा. पंचवीस पटींची दुर्बीण १०० मीटरवर साधारण दीड मीटर रुंदीचे चित्र दाखवते, ५ पटींवर पाच मीटरहून जास्त. हजार यार्डांवर पंचवीस पटींत चौदा मीटरच्या आसपास दिसते. मैदानावर एकसारखी लक्ष्ये रांगेने उभी असतात, प्रत्येकाला क्रमांक. दृश्य अरुंद झाले की काळा गोल झकास दिसतो, आपण रांगेत नेमके कुठे आहोत ते मात्र सुटते. म्हणून आधी कमी पटींवर रांग मोजावी, आपला क्रमांक पाहावा, आणि मगच कडे फिरवावे.

क्रीडमूरच्या त्या तीन गुणांची गोष्ट हीच. आयर्लंडच्या मिल्नरने सामन्यात एक गोळी अगदी मध्यावर मारली, पण शेजारच्या लक्ष्याच्या. मध्यावरच्या गोळीला तेव्हा ४ गुण मिळत. त्याला शून्य मिळाले आणि आयर्लंड ३ गुणांनी हरले. बरोबर १३० वर्षांनी, २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये, ५० मीटर थ्री पोझिशन्सच्या अंतिम फेरीत, म्हणजे कुसाळे यांच्याच प्रकारात, अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीपूर्वी ३ गुणांनी पुढे होता. सुवर्ण जवळजवळ हातात. त्याने दुसऱ्या मार्गिकेत उभे राहून तिसऱ्या मार्गिकेच्या लक्ष्यावर गोळी झाडली. गोळी लागली होती, पण दुसऱ्याच्या लक्ष्यावर. सुवर्ण चीनच्या जिआ झानबोला मिळाले आणि एमन्स आठवा आला.